लाल दिसलं की चोळायचं

३ मार्च

धाकटे,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र फाडून टाकायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, तेवढं तरी होईल. पत्ता मामीकडून मिळवला. तिच्यावर चिडू नकोस, मी दोन महिने तिचं डोकं खाल्लं तेव्हा कुठे तिने दिला.

जुनं काही उकरून काढायला लिहीत नाहीये. सहा वर्षं झाली त्या सगळ्याला. आईचा विषय या पत्रात नाही. काम आहे म्हणून लिहितेय. तू तिकडे जखमांच्या विभागात आहेस, दिवसभर तेच बघतेस असं कानावर आलंय, आणि माझ्या वॉर्डात एक पेशंट आहे.

बसचे ड्रायव्हर होते, आता रिटायर्ड. वय अडुसष्ट, शुगर आहे. खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालं, पण घरी गेल्यावर तीन आठवडे एकसारखे उताणे पडून राहिले. आता माकडहाडावर लिंबाएवढा बेडसोअर आहे, तळ पिवळा, आणि उजव्या टाचेवर काळी सुकी खपली. माणूस मोठा गमत्या आहे. कुशीवर वळवायला गेलं की म्हणतो, "सिस्टर, क्लच दाबा आधी, मग गिअर टाका." सगळा वॉर्ड त्यांना ड्रायव्हरकाकाच म्हणतो.

आमच्या हॉस्पिटलने नवीन टूम काढलीय. प्रत्येक वॉर्डच्या इन्चार्जने आठ शनिवार त्वचा आणि जखमांच्या ट्रेनिंगला बसायचं. बत्तीस वर्षं नोकरी करून मी पुन्हा बाकावर! शिकवायला एक तिशीची मुलगी येते. पहिल्याच शनिवारी पहिलंच वाक्य काय, तर "स्पिरिट-पावडर लावून पाठ चोळणं आजपासून बंद." मी उभीच राहिले. म्हटलं, "अहो बाई, लाल दिसलं की चोळायचं, रक्त फिरतं, हे आमच्या मेट्रनने आम्हाला पट्टीने मारून शिकवलंय." ती शांतपणे म्हणाली, "सिस्टर, दाबाने आतल्या बारीक रक्तवाहिन्या आधीच चेंगरलेल्या असतात. वरून चोळलं की त्या फाटतात."

मी खाली बसले. पटलं म्हणून नाही, गुडघे दुखत होते म्हणून. असलं काही मी पहिल्यांदाच ऐकत होते.

तुमच्याकडे खरंच चोळत नाहीत का? आणि त्या टाचेचं काय करू? मोठे डॉक्टर म्हणतात खपली काढा, छोटे म्हणतात राहू द्या. तू सांग.

ताई


२२ मार्च

धाकटे,

पाकीट मिळालं. ना मायना, ना सही. एक पान, नऊ ओळी. औषधाच्या बाटलीवरसुद्धा याहून गोड लिहिलेलं असतं. पण आलं ते बरं झालं. मी ते चार वेळा वाचलं.

तू लिहिलंस तसं सगळं केलं. टाचेची खपली सुकी आहे, तिला हात लावायचा नाही. पोटरीखाली उशी, टाच हवेत. जखम सलाइनने धुवायची, ती फेसाळणारी पेरॉक्साइडची बाटली कपाटातून हद्दपार. माकडहाडाखालची हवेची गोल रिंग काढून टाकली. रिंगवर मात्र आमच्याकडे युद्ध झालं. ड्रायव्हरकाकांची बायको ती स्वतः बाजारातून आणून बसली होती. म्हणाली, "भोकात जखम अधांतरी राहते की हो सिस्टर, दाब कुठे येतो?" मलाही इतकी वर्षं अगदी तसंच वाटत होतं.

गेल्या शनिवारी ट्रेनरबाईने आम्हाला ते करूनच दाखवलं. सगळ्या इन्चार्ज सिस्टरना पलंगांवर झोपवलं, कमरेखाली रिंग दिली आणि म्हणाली, "वीस मिनिटं हलायचं नाही. खाजवायचं नाही. पायसुद्धा जवळ घ्यायचा नाही." पहिली पाच मिनिटं आम्ही शाळेतल्या मुलींसारख्या खिदळलो. सातव्या मिनिटाला रिंगची कड कातडीला ओढायला लागली, मध्ये सगळं जड आणि सुन्न. अकराव्या मिनिटाला मी उठले. ट्रेनरबाई घड्याळ बघून म्हणाली, "छान, तुम्हीच सगळ्यांत जास्त टिकलात."

छान कसलं डोंबलाचं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

तुझ्या कागदाची पहिली ओळ मी मुद्दाम शेवटी घेतेय. "नाही, चोळत नाही. हे तुला माहीत आहे." बरं, आहे माहीत. पहिल्यांदाच ऐकलं असं मी लिहिलं ते खोटं होतं. सहा वर्षांपूर्वी आईच्या खोलीत उभं राहून तू हेच बोलली होतीस. पण त्या वेळी सगळेच चोळत होते, एकटी मी नाही, हेही लक्षात घे.

जखमेतली पिवळी घाण सर्जनने थोडी कापून काढली. खालून गुलाबी दिसतंय. पुढे काय लावू?

ताई


१२ एप्रिल

धाकटे,

या वेळी तुझ्या कागदावर अकरा ओळी होत्या. प्रगती आहे.

आता आमची बुधवारची गंमत ऐक. ट्रेनिंगमध्ये सांगितलंय की जखम एकट्या सिस्टरची नसते, सगळ्यांनी एकत्र उभं राहून बघायची. म्हणून दर बुधवारी अकरा वाजता ड्रायव्हरकाकांच्या पलंगाभोवती आम्ही जमतो: सर्जन, फिजिओ, डाएटवाली आणि मी. पहिला बुधवार म्हणजे नुसती वादावादी. सर्जन म्हणाले ड्रेसिंग नीट होत नाही. मी म्हटलं फिजिओ त्यांना तासन्‌तास खुर्चीत बसवून ठेवतो. फिजिओ म्हणाला शुगर वाढलेली असेल तर मी काय जादू करू. डाएटवाली म्हणाली मी दोन अंडी, दूध, डाळ लिहून देते आणि ताट भरलेलं परत येतं. सगळे एकमेकांवर ढकलून मोकळे! ड्रायव्हरकाका पालथे पडल्या पडल्या म्हणाले, "चार ड्रायव्हर आणि एकच गाडी, कशी चालायची?"

तेवढ्यात मागे फडकं घेऊन उभी असलेली आमची मावशी बोलली. ही वॉर्डात पेशंटना अंघोळ घालते, चादरी बदलते. एरवी राउंडला तिला कोणी विचारत नाही. ती म्हणाली, "बाई, ते दुपारभर घसरतात." काय घसरतात? "टीव्ही बघायला पलंगाचं डोकं वर करून घेतात. हळूहळू खाली सरकतात. मग आपण काखेत हात घालून वर ओढतो. दिवसातनं पाचसहा वेळा."

सर्जन माझ्याकडे बघत राहिले आणि मी सर्जनकडे. आम्ही तिथे हजारो रुपयांचं ड्रेसिंग लावत होतो आणि रोज पाच वेळा ती पाठ चादरीवर खरवडून काढत होतो. आता पलंगाचं डोकं कमी वर, गुडघ्यांखाली उशी, आणि वर घ्यायचं तर दोघांनी चादरीसकट उचलून. मावशी आता दर बुधवारी पुढे उभी असते. सर्जन आधी तिला विचारतात, "बोला, काय म्हणतेय आपली गाडी?"

दर दोन तासांनी कूस बदलल्याचा तक्ता असतो ना, त्यावर आमच्या मुली सकाळीच दिवसभराच्या खुणा करून मोकळ्या व्हायच्या, तेही पकडलं. ओरडणार होते, पण मीही तरुणपणी तेच केलंय. म्हणून ओरडले नाही, त्यांच्याबरोबर तीन दिवस स्वतः वळवायला उभी राहिले.

आता दुसरं. गेल्या शनिवारी ट्रेनरबाई म्हणाली, पुस्तकातला लाल डाग गोऱ्या कातडीवरचा असतो. आपल्या सावळ्या माणसांत लाल दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. डोळ्यांवर विसंबू नका, हात लावा. शेजारच्या जागेपेक्षा गरम आहे का, कडक आहे का, मळलेल्या पिठासारखं मऊ लागतंय का ते बघा.

आई सावळी होती. आणि तू आल्या दिवशी, बॅगसुद्धा उघडली नव्हतीस, तिच्या पाठीला हात लावून म्हणाली होतीस, "ताई, इथे गरम लागतंय. कडक लागतंय. इथे चोळू नकोस, आणि ती रिंग काढ."

मी काय म्हणाले ते तुला आठवत असेलच. "आठ दिवसांची पाहुणी आहेस. मला शिकवू नकोस." आणि तुझ्या देखत आईला कुशीवर घेऊन दोन्ही हातांनी चोळलं. मुद्दाम जोरात.

आज एवढंच. ड्रायव्हरकाकांची जखम आता सुपारीएवढी आहे.

ताई


४ मे

टिल्ले,

या लहानपणीच्या नावाने हाक मारायचा हक्क मला आहे की नाही माहीत नाही. नसेल तर खोड.

ट्रेनिंग संपलं. शेवटी प्रत्येकीने आपल्या हातून बिघडलेली एक केस नव्या मुलींना शिकवायची, असं ठरलं. मी ड्रायव्हरकाकांची केस तयार केली. बिघडली दुसऱ्यांच्या घरी, सुधारली माझ्याकडे, म्हणजे मला सोयीचीच. ट्रेनरबाईने कागद वाचला आणि म्हणाली, "सिस्टर, यात तुमची चूक कुठे आहे?"

घरी आले, तो कागद बाजूला ठेवला आणि दुसरा लिहिला. काल वर्गात वाचून दाखवला. वीस मुली होत्या, त्यातल्या अर्ध्या माझ्याच वॉर्डातल्या, मला टरकून असणाऱ्या. सांगितलं, पेशंट बाई, वय एकाहत्तर, अर्धांग, घरीच. काळजी घेणारी मुलगी नर्स. दिवसातून तीन वेळा पाठ चोळली, हवेच्या रिंगवर झोपवलं, डाग काळा पडला तेव्हाही चोळलं. धाकटी मुलगीही नर्स, तिने थांबवलं, थोरलीने ऐकलं नाही. धाकटी परत गेल्यावर पंधराव्या दिवशी जखम उघडली. चार महिन्यांनी जंतू रक्तात गेले आणि बाई गेल्या. एका मुलीने विचारलं, "मग त्या थोरल्या नर्सचं काय झालं?" म्हटलं, "ती तुमच्यासमोर उभी आहे."

मग एक मुलगी उठली आणि तिने मला खुर्ची दिली.

पण वर्गात एक गोष्ट मी सांगितली नाही, कारण ती त्यांची नाही, तुझी आहे. आई गेल्यावर घर भरलेलं होतं, तूही आली होतीस. काकूने सगळ्यांसमोर विचारलं, "अगं, तू नर्स असून एवढी जखम झालीच कशी?" आणि मी म्हणाले, "मी दहा महिने डोळ्यात तेल घालून जपलं. ही आठ दिवस होती, तेवढ्यात हिने कूस बदलली नाही, तेव्हाच सुरू झालं." तू दारात उभी होतीस. तू काहीच बोलली नाहीस. बॅग घेतलीस आणि गेलीस.

ते खोटं होतं, आणि बोलताना मला ते माहीत होतं. तू तिला दर दोन तासांनी वळवत होतीस, मी स्वतः बघितलंय. काकूचा प्रश्न अंगावर आला आणि मी तुला पुढे ढकललं. सहा वर्षं घरातले सगळे तुझ्याबद्दल तेच बोलतात आणि मी गप्प बसून ऐकते.

परवा काकूकडे गेले. मामीलाही बोलावून घेतलं होतं. सगळं सांगितलं. काकूने चहाचा कप खाली ठेवला, म्हणाली, "इतकी वर्षं आम्ही त्या पोरीला काय काय बोललो. आता ते कुठे फेडू?" मामी मात्र भडकली. म्हणाली, "तू आता माझ्याशी महिनाभर बोलू नकोस." बरोबर आहे तिचं.

मला माफ कर असं लिहायला पेन उचलते, पण ते फार स्वस्तातलं वाटतं. तरी लिहिते. माफ कर.

ताई


२५ मे

टिल्ले,

ड्रायव्हरकाका काल घरी गेले. माकडहाडाची जखम भरली, टाचेची खपली आपोआप गळून पडली, खाली नवी कातडी. बायकोला आम्ही आठ दिवस वॉर्डातच शिकवलं: हात लावून कसं बघायचं, चादरीने कसं उचलायचं, उशी कुठे. जाताना तिने ती रिंग मावशीला दिली आणि म्हणाली, "फेकून द्या हो, मला बघवत नाही." सर्जन त्यांना सोडायला लिफ्टपर्यंत गेले, हे मी बत्तीस वर्षांत पहिल्यांदा बघितलं. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याहून दहा-बारा वर्षांनीच मोठे, पण मी ठेवू दिला.

तुझा शेवटचा कागद त्यांच्याबद्दलच होता, तीन ओळी. माझ्या मागच्या पत्राबद्दल अवाक्षर नाही. तसं असणारच. आता पेशंट गेला, म्हणजे तुला विचारायला माझ्याकडे काही उरलं नाही. त्याच्याआड लपून मी इतकं बोलले. आता एकच राहिलंय, ते सांगून टाकते.

आई जायच्या तीन दिवस आधीची दुपार. मी ड्रेसिंग करत होते. तिची जीभ जड झाली होती, पण त्या दिवशी अगदी स्पष्ट बोलली. म्हणाली, "धाकटी होती तेव्हा पाठ दुखत नव्हती. तिचा हात हलका आहे. तिला सांग." मी "हो" म्हटलं.

सांगितलं नाही. मला राग आला होता गं. दहा महिने मी हागणंमुतणं काढलं, रजा संपवल्या, कंबर मोडून घेतली, आणि शेवटी नाव कुणाचं, तर आठ दिवस येऊन गेलेलीचं. मरणाऱ्या बाईवर मी चिडले, आणि तुझा हेवा तर इतका वाटला की काकूने विचारल्यावर तोंडातून ते खोटं लगेच निघालं. आधीच तयार होतं ते आत.

आईने तुझ्यासाठी ठेवलेली ती एवढी एकच गोष्ट होती आणि मी ती सहा वर्षं दाबून बसले. आता तुझी तुला दिली. तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. खरं तर नाही चालणार, पण मी तक्रार करणार नाही.

तुझी
ताई


१३ जून

ताई,

तुझी पाचही पत्रं माझ्याकडे आहेत. उत्तरं पेशंटपुरती दिली, कारण बाकीचं लिहायला घेतलं की कागद फाडावा लागायचा.

काकूचा फोन आला होता. अर्धा तास रडली, मग मामीने फोन घेतला आणि तीही रडली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं. सहा वर्षं हेच हवं होतं मला. पण दुसऱ्या दिवशी तुझं हे शेवटचं पत्र आलं आणि मी स्टाफरूमचं दार लावून बसले. बाहेर पेशंट थांबले होते तरी उठवेना.

आता तू ऐक. तू ड्यूटीला गेलीस की आई म्हणायची, "चोळ गं जरा. तिच्यासारखं जोरात नको, हळू चोळ." पहिल्या दिवशी मी नाही म्हटलं. तिला समजावून सांगितलं, रक्तवाहिन्या, दाब, सगळं. दुसऱ्या दिवशीही नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी ती लहान मुलासारखी रडायला लागली. मग मी चोळलं. त्यानंतर रोज दुपारी, मी निघेपर्यंत. संध्याकाळी तू आलीस की चोळू नकोस म्हणून तुझ्याशी भांडायचे, आणि दुपारी माझेच हात त्याच जागेवर असायचे. तू चोळलंस कारण तुला तेच शिकवलं होतं. मला दुसरं शिकवलेलं होतं, तरी मी चोळलं.

काकूसमोर तू जे बोललीस ते खोटं होतं. पण मी दारात उभी राहून "खोटं आहे" म्हणू शकले नाही ते अपमानामुळे नव्हे. मला वाटलं, मी चोळलं ते तुला कसं कळलं? इथे येऊन जखमांचंच काम का धरलं असं सगळे विचारतात. खरं कारण हे. कुणालाच सांगितलं नाही, तुला सांगतेय.

तू बोललीस त्याचा राग मला आहे. एका पत्राने जाणार नाही. हळूहळू जाईल, माझ्यावरचाही. रविवारी सकाळी दहाला फोन करते. आधी रडून घे, म्हणजे फोनवर नीट बोलता येईल. दोघींना बरंच बोलायचंय.

पुढच्या वर्गाला ती केस शिकवशील तेव्हा नीट सांग. दोन्ही मुलींनी चोळलं, असं सांग. एकीला माहीत नव्हतं आणि दुसरीला माहीत होतं. आणि कोणी विचारलंच की माहीत असून का चोळलं, तर त्यांना सांग की आई डोळे मिटून घ्यायची, आणि तेवढा वेळ तिला खरंच बरं वाटायचं.

टिल्ली